दुखवट्यात न घेतलेला अर्ज

परदेशातला एक मोठा नेता वारला आणि आपल्या सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला, तेव्हा मी जुन्नरच्या तहसील कचेरीत तलाठ्यांच्या मीटिंगला बसलो होतो. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. त्या नेत्याचं नाव किंवा देश मी इथे लिहीत नाही. त्या माणसाचा या गोष्टीशी काही संबंध नाही. तो तिकडे वारला, आणि त्याच्या मरणाचा वापर इकडे मी करून घेतला.

मीटिंगमध्ये पीकपाहणीचा विषय चालू होता. वायरलेसवरून आलेला निरोप शिपायाने आणून तहसीलदारांच्या पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो उभ्याने वाचून दाखवला. भारत सरकारला अतीव दुःख झाले असून, दिवंगत नेत्याच्या कुटुंबीयांच्या आणि तेथील जनतेच्या दुःखात सरकार सहभागी आहे. तीन दिवस राष्ट्रध्वज अर्ध्यावर राहील. करमणुकीचे सरकारी कार्यक्रम होणार नाहीत. कार्यालयीन कामकाज नेहमीप्रमाणे चालू राहील. हे शेवटचं वाक्य त्यांनी आमच्याकडे बघत जरा मोठ्याने वाचलं.

आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. खाली बसता बसता शेजारचा तलाठी पुटपुटला, "म्हणजे सुट्टी नाहीच? मग कसला मोठा माणूस राव!"

"देश कुठं आला म्हणायचा हा?" मागून एकाने विचारलं.

"तुझ्या सजात नाही एवढं नक्की. गप बस."

बाहेर शिपायाने झेंडा पार उतरवून पुन्हा अर्ध्यापर्यंतच चढवला होता. झेंडा अर्ध्यावर आणायचा तरी आधी पूर्ण वर न्यावा लागतो, हा नियम त्याला ठाऊक नव्हता. अव्वल कारकुनाने त्याला पुन्हा वर चढवायला लावला.

"मेलेल्या माणसाला काय कळतंय सायेब?" शिपाई म्हणाला.

"कलेक्टरला कळतं," कारकून म्हणाला.

त्या आठवड्यात आळेफाट्याला कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं एक लोकनाट्य ठरलं होतं, ते रद्द झालं. आपल्या तालुक्याला दुखवट्याची झळ बसली ती एवढीच, असं मी त्या संध्याकाळी एसटीत कोणाला तरी हसत सांगितल्याचं आठवतं. निरोपाची एक सायक्लोस्टाईल प्रत आम्हा प्रत्येकाला मिळाली होती. ती घडी करून मी पिशवीत टाकली.

माझा सजा, म्हणजे माझ्याकडची गावं, बेल्ह्याच्या बाजूला होता. जुन्नर तालुक्याचा हा कोरडा भाग, धरणाच्या पाण्याच्या बाहेरचा. बाजरी, मटकी, जिथे विहिरीला बरं पाणी तिथे कांदा. गावात मारुतीच्या देवळाला लागून चावडी होती आणि चावडीतल्या एका खोलीत माझं दप्तर होतं. लोक मला भाऊसाहेब म्हणत. तलाठ्याला सगळेच म्हणतात.

त्या गावातला एक म्हातारा शेतकरी दीड महिन्यापूर्वी वारला होता. त्याला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी सगळ्यांत थोरली, पंचेचाळिशीची. तिचं सासर आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या अंगाला होतं. लग्नानंतर चार वर्षांत नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरी आणून घातली. तेव्हापासून ती इथेच. म्हाताऱ्याने तिला ओढ्याकाठचा दीड एकराचा तुकडा कसायला दिला होता. दिला होता म्हणजे तोंडी. त्यात तिने स्वतःच्या हाताने दगड वेचून बांध घातले, कडेला दोन खोल्या उभ्या केल्या. ती मेथी-कोथिंबीर लावायची आणि जुड्या बांधून बेल्ह्याच्या बाजारात बसायची. म्हातारा दर वर्षी शेतसाऱ्याची पावती घ्यायला चावडीत यायचा, तेव्हा प्रत्येक वेळी म्हणायचा, "भाऊसाहेब, त्या तुकड्यावर लेकीचं नाव चढवायचं हाय बरं का." मी म्हणायचो, "कागद करून आणा." तो कधी आणला नाही. मीही कधी कागद पुढे ठेवून "हा घ्या, इथे अंगठा करा" असं म्हटलं नाही.

तेराव्यानंतर आठवड्याभरातच दोघा भावांनी वारसनोंदीचा अर्ज दिला. वारस दोन. बहिणीचं नाव त्यात नव्हतं. आमच्याकडे तेव्हा ते कोणाला खटकतही नसे. लेकी आपल्या घरी गेलेल्या असतात, त्या भावांना सही देऊन मोकळ्या होतात, अशीच रीत होती. पण ही मोकळी होऊन जाणार कुठे, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि मलाही. म्हाताऱ्याला एक मुलगी आहे असं मी भावांच्या जबाबातच लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. अर्जाबरहुकूम जमीन दोघांच्या नावे करायचा फेरफार धरला आणि नियमाप्रमाणे पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस चावडीच्या भिंतीला डकवली. कोणाची हरकत असेल तर त्याने या पंधरा दिवसांत लेखी द्यायची. हरकत आली, की तलाठ्याच्या हातातलं काम संपतं. ती तक्रारनोंदीला जाते, सुनावणी लागते, दोन्ही बाजूंना बोलावलं जातं. हरकत आली नाही, तर तलाठ्यावरचे सर्कलसाहेब सही करतात आणि नोंद पक्की होते. तिचं सगळं आयुष्य त्या एका कागदावर होतं. तो आला तर ती त्या जमिनीची वारस ठरणार होती. नाही आला, तर भावांच्या शेतातली एक बाई.

आता माझा यात काय संबंध, ते सांगतो. माझ्या मुलीचं लग्न तीन वर्षं जमत नव्हतं. ती सावळी होती आणि तिला एका कानाने कमी ऐकू यायचं. पाच ठिकाणचे लोक बघून गेले होते. सहावं स्थळ कळंबचं होतं, मुलगा सहकारी बँकेत कारकून. ते स्थळ आणलं होतं त्या दोघा भावांतल्या थोरल्याने. मुलगा त्याच्या बायकोचा सख्खा भाचा.

दुखवट्याच्या पहिल्या दिवशी सकाळी थोरला चावडीत येऊन बसला. नोटिशीचा तो तेरावा दिवस.

"पावणं परवाच्याला येत्यात बघायला," तो म्हणाला. "कानाचं मी सांगून ठिवलंय. म्हनलं, पोरगी घरकामाला लई चांगली. आमची मंडळी मागं हायेत, काळजी करू नका."

"तुमचे उपकार आहेत," मी म्हणालो.

"उपकार कसले भाऊसाहेब. आपल्या घरातलं समजून करतोय." जाता जाता तो दारात थांबला. "बहिणीला कुनीतरी फितावलंय म्हनं. जुन्नरला जाऊन कागुद लिवून आनलाय. घरातलं घरात ऱ्हायलं तर बरं, न्हाई का?"

तो एवढंच बोलला. धमकी दिली नाही, काही देऊ केलं नाही. नंतर मी पुष्कळदा मनाशी म्हणून पाहिलं, की त्याने माझ्यावर दबाव आणला. ते खरं नाही.

तासाभराने ती आली. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. चावडीच्या पायरीखाली चपला काढून आत आली आणि पिशवीतून फुलस्केप कागद काढला. जुन्नरच्या अर्जनवीसाने लिहून दिलेला होता. वर कोर्ट फीचं तिकीट लावलेलं, खाली तिचा अंगठा. मी तो हातात घेतला नाही, पण टेबलावर उलगडून ठेवलेला मला वाचता येत होता. 'मी मयताची मुलगी असून कायदेशीर वारस आहे,' एवढं पहिलं वाक्य मी वाचलं.

पुढचं वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं ते मला आजही कळत नाही. काही विचार करून आलं नाही. पिशवीत तो सायक्लोस्टाईल कागद होता, कालची दोन मिनिटं डोक्यात होती, आणि मी बोलून गेलो, "बाई, आज अर्ज घेता येणार नाही. सरकारी दुखवटा आहे."

तिने लगेच कागदावरचा हात काढला. "कोन गेलं?"

"परदेशातला एक मोठा पुढारी. तिकडचा प्रमुख. आपल्या सरकारने तीन दिवस दुखवटा पाळायला सांगितलाय."

"म्हातारं व्हतं का?"

"होय, वय झालं होतं."

"मागं कोन हाय त्येंच्या? पोरंबाळं?"

मला माहीत नव्हतं. मी "आहेत" म्हणालो.

तिने कागदाची घडी घातली. आमच्याकडे ज्या घरात मयत झालेलं असतं, त्या घरी दहावं होईपर्यंत कोणी मागणं घेऊन जात नाही. दिलेलं घमेलं परत आणायलाही जात नाहीत. मुलीचं स्थळ ठरवायचं असेल, बांधाचं भांडण असेल, सगळं थांबतं. तिच्या दृष्टीने सरकारच्या घरी मयत झालेलं होतं आणि ती नेमकी तेव्हा भांडणाचा कागद घेऊन दारात उभी राहिली होती. ती खरोखर शरमली. मी शरमलो नाही.

"मला ठावं न्हवतं भाऊसाहेब. माझ्या घरी रेडू न्हाई. राग मानू नका." मग थोडं थांबून म्हणाली, "तीनच दिस? येवढ्या मोठ्या मानसाला?"

"सरकारचं तेवढंच असतं."

"बरं. मंग म्या तीन दिस सोडून येते." दाराशी जाऊन ती परत वळली. "पर तो लिवनारा म्हनला, पंधरा दिसाच्या आत द्यायचं. ते कसं व्हायचं?"

इथपर्यंत मला परत फिरता आलं असतं. इथपर्यंत ती एक टाळाटाळ होती, कचेऱ्यांमध्ये रोज होते तशी. मी म्हणालो, "मुदत दुखवट्यात संपली, तर दुखवट्यानंतरच्या पहिल्या दिवशी अर्ज घेतात."

"असं व्हय," ती म्हणाली आणि निश्चिंत होऊन गेली.

कोपऱ्यात कोतवाल बसला होता. वयस्कर माणूस, चावडीची झाडलोट करायचा. त्याने बिडी विझवली.

"भाऊसाहेब, मंग सकाळी पोलीस पाटलाला उतारा कसा दिला?"

"तुला कोणी विचारलं?"

"न्हाई, आपलं इचारलं. आमची म्हस मेली तवा आमाला एक दिस बी न्हाई गावला, म्हनून म्हनलं."

मी दप्तर उघडून बसलो. पुढची चार वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं, पण हा विषय त्याने परत काढला नाही. फक्त त्या दिवसापासून तो मला चहा आणून देताना कप हातात देईना, टेबलावर ठेवायचा.

तीन दिवसांत पाहुणे येऊन मुलीला बघून गेले. थोरला त्यांच्यासोबत होता. पसंती तिथल्या तिथे कळली. माझ्या बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी रेडिओवर बातम्या ऐकत होतो. कुठल्या कुठल्या देशांचे लोक अंत्यविधीला गेले, आपल्या सरकारतर्फे कोण गेलं, काय शोकसंदेश दिला, हे सांगत होते. शब्द चांगले होते. एका दूरच्या घरातल्या दुःखासाठी सरकारने इतके चांगले शब्द शोधले होते. मी त्याच सरकारचा माणूस. जिचा बाप जाऊन दोन महिने झाले नव्हते, ती माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या बापाला मी वीस वर्षं ओळखत होतो. त्याच्याबद्दल मी तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. हे मला रेडिओ ऐकतानाच जाणवलं. तरी मी उठलो नाही. पंधरावा दिवस अजून सरलेला नव्हता. तिच्या खोल्या चावडीपासून पाऊण मैलावर होत्या.

सोळाव्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने मी दप्तर घेऊन बेल्ह्याला सर्कलसाहेबांकडे गेलो. एरवी ते गावात येतील तेव्हा सह्या घ्यायचो. त्यांनी नोंद वाचली, विचारलं, "हरकत?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी सही केली आणि चहा मागवला. मी चहा घेतला.

अकराच्या सुमाराला परत आलो तर ती पायरीवर बसलेली होती. सकाळपासून बसली होती, असं कोतवालाने सांगितलं. मला बघून उठली, पिशवीतून कागद काढला.

"नोंद मंजूर झाली बाई," मी म्हणालो. "तुम्हाला उशीर झाला."

तिला कळेना. "पर तुमीच म्हनला व्हता, तीन दिस सोडून."

"दुखवटा नेता वारल्या दिवसापासून धरतात. तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवसापासून. म्हणजे तो परवाच संपला. तुम्ही काल यायला हवं होतं."

हे मी येताना गाडीतच ठरवून ठेवलं होतं. पहिलं खोटं अचानक तोंडातून गेलं असेल, पण हे मी विचार करून तयार केलं.

ती बोटांची पेरं मोजायला लागली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. "म्या येडीनं मोजाय चुकवलं," ती म्हणाली. "आता गं बया काय करू म्या!" आणि ती परत पायरीवर बसली. रडली नाही. तशीच बसून राहिली. दुपारी कोतवालाने तिला पाणी दिलं, तेव्हा उठून गेली.

मंजूर नोंदीवर साठ दिवसांत प्रांतसाहेबांकडे अपील करता येतं. हे सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. मी ते साठ दिवस मोजले. साठावा दिवस गेला तेव्हा मला बरं वाटलं.

लग्न वैशाखात झालं. थोरल्याचं सगळं घर राबलं, त्यात तीही आली होती. आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटायला बसली होती. मी त्या बाजूला जाणं टाळत होतो. निघायच्या आधी तीच माझ्यासमोर आली, मुलीला एक खण दिला आणि म्हणाली, "लई चांगली हाय पोर. नशीब काढंल." मुलीने तिला वाकून नमस्कार केला.

माझी मुलगी सुखात आहे. माणूस चांगला निघाला, सासूने कानावरून कधी टोचलं नाही, दोन नातवंडं आहेत. हे सगळं झालं नसतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणू शकत नाही. मनातसुद्धा म्हणू शकत नाही. म्हणून पश्चात्ताप झाला असं लिहायलाही माझा हात धजत नाही.

दोन वर्षांत भावांनी ओढ्याकाठचा तुकडा विकला. तिच्या सहीचा प्रश्नच नव्हता. घेणाऱ्याने खोल्या पाडल्या. काही दिवस ती धाकट्याच्या पडवीत होती, मग तिथून गेली. मला बदली मिळाली, पुढे मी निवृत्त झालो आणि मंचरला येऊन राहिलो.

ती मला पुन्हा दिसली ती आळेफाट्यावर, दोन हजारनंतर काही वर्षांनी. नाशिकला पुतण्याकडे चाललो होतो. गाडी बिघडली, म्हणून स्टँडसमोरच्या एका हॉटेलात बसलो. तिथे ट्रकवाले जेवायला थांबतात. मागच्या शेडमध्ये चुलीवर एक म्हातारी भाकरी थापत होती. मी तिला ओळखलं आणि तोंड फिरवलं. भिंतीवर टीव्ही चालू होता, हिंदी बातम्या. पुन्हा कुठल्याशा देशाचा प्रमुख वारला होता. आपल्या सरकारने शोक व्यक्त केल्याचं सांगत होते, झेंडा खाली आणताना दाखवत होते. मग जाहिरात लागली, नाचगाणं सुरू झालं.

"मालक, त्यो आवाज बारीक करा," मागून तिचा आवाज आला. "मयत झालंय म्हनत्यात न्हवं."

मालक हसला. "आज्जे, तुझं काय नातं लागत व्हतं? भाकऱ्या टाक, गिऱ्हाईक खोळंबलंय."

पण त्याने आवाज कमी केला.

मी उठून चुलीपाशी गेलो. तिने वर बघितलं. "भाऊसाहेब का? वाळला की वो लई!" आणि पिठाच्या हातानेच शेजारचं पोतं पुढे सरकवलं. "बसा. लेक बरी हाय का?"

मी पोत्यावर बसलो आणि तिला सांगितलं. सगळं सांगितलं, या कागदांत जसं लिहिलंय तसं. दुखवट्यात कचेरी बंद नसते. अर्ज घेता येत होता. दुखवट्यासाठी मुदत कोणी वाढवत नाही. आदल्या दिवसापासून धरतात हे मी बनवून सांगितलं. ती थापत राहिली. दोन भाकरी झाल्या, तिसरी तिने तव्यावर टाकली.

"मंजी म्या मोजाय चुकले न्हवते," ती म्हणाली.

"नाही. तुम्ही बरोबर मोजलं होतं."

"इतकी वर्सं म्या सोताला शिव्या देत आले. खोल्या पाडल्या तवा बी, थोरला भाऊ गेला तवा बी. म्हनलं, एक दिस. येका दिसापायी बापाची जमीन घालवली म्या." तिने पाण्याचा हात भाकरीवरून फिरवला. "तुमी आदी का न्हाई सांगितलं, हे न्हाई इचारत म्या. आताच का सांगितलं?"

मी म्हणालो, मी प्रांतसाहेबांकडे लेखी देतो, तुमची चूक नव्हती असं प्रतिज्ञापत्र करतो, तुम्ही फक्त अर्जावर अंगठा द्या.

"अंगठा?" तिने माझ्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी तो घेऊन घरी गेलो असतो. "दिला व्हता की येकदा. त्यो कागुद तुमी हातात बी धरला न्हाई. आता ह्यो काय कराचाय?" मग ती तव्याकडे वळली. "जावा. तुमची गाडी निघंल. भाकरी करपतीया."

मी तरी गेलो प्रांत कचेरीत. खिडकीमागचा कारकून माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. त्याने माझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं आणि शेजारच्याला दाखवलं.

"काका, हे तुम्ही स्वतःवरच केस करून घेताय."

"हो."

"पण केस कुणाची? ज्यांचा हक्क गेला त्यांचा अर्ज पाहिजे. तो आहे का?"

"नाही. त्या देत नाहीत."

"मग जमीन? तिच्यावर आज काय आहे?"

त्याने सात-बारा काढून बघितला. तिथे प्लॉट पडले होते, बिनशेती होऊन चार मालक झाले होते. त्याने कागद मला परत केला. चांगला मुलगा होता. म्हणाला, "काका, ऊन लई आहे. पंख्याखाली बसा जरा, पाणी प्या, मग जावा."

तीन वर्षांपूर्वी ती वारली. मला महिन्याने कळलं. दशक्रिया धाकट्याने केली. माणूस गेल्यावर तलाठी त्याच्या नावाची जमीन बघतो आणि वारसांची नोंद धरतो. तिच्या नावावर काहीच नव्हतं. त्यामुळे तलाठ्याच्या दप्तरात ती गेल्याची नोंद करायला जागा नाही, आणि होती याचीही नाही.

म्हणून मी हे लिहायला घेतलं. निदान एका ठिकाणी खरं लिहिलेलं असावं. नोटीस लागल्यापासून तेराव्या दिवशी ती स्वतः चावडीत आली होती. हरकत लेखी होती, तिकीट लावलेलं होतं, अंगठा होता. मुदतीला अवकाश होता. तलाठ्याने ती घेतली नाही आणि वरिष्ठांना हरकत नाही असं सांगितलं. तो तलाठी मी.

लिहून झाल्यावर गेल्या महिन्यात हे कागद मी मुलीला वाचायला दिले. ती माहेरपणाला आली होती. खिडकीपाशी बसून तिने वाचले. एक पान तिने परत मागे जाऊन वाचलं, मग शेवटपर्यंत वाचत गेली. ज्या कानाने तिला ऐकू येतं, त्या बाजूला मी बसलो होतो.

"यातलं माझ्या लग्नाचं काढून टाका, बाबा," ती म्हणाली. "माझ्या सासरची माणसं आहेत यात. मुलं मोठी होतायत. आणि मी काय केलं होतं?"

"तू काही केलं नाहीस."

"मग माझ्यावर कशाला टाकता? तुम्ही चुकलात एवढंच लिहा की."

मी म्हणालो, "लग्नाचं काढलं तर मी हे का केलं ते राहतच नाही. मग ती नुसती एक कचेरीतली चूक होते."

"होऊ द्या," ती म्हणाली. "ती बाई आता वाचणार आहे का?"

दुसऱ्याच दिवशी, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, ती कळंबला परत गेली. मी लग्नाचं ते पान दोन-तीनदा बाजूला काढून ठेवलं आणि पुन्हा त्याच्या जागी लावलं. ते आता जागेवरच आहे. दिवाळीला ती आली नाही. जावयांचा फोन आला, म्हणाले, "यंदा बँकेत काम फार आहे."